कापड कारखान्यातल्या वेस्टवरचा कर : नव्या माणसासाठी पायरीपायरीने

सूतगिरणी, सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावण्याचे काम), यंत्रमाग किंवा गारमेंट युनिटचे हिशेब नुकतेच हातात घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. सूत कितीला आले आणि कापड कितीला गेले हे सगळे नीट लिहिले जाते. वेस्ट मात्र कोपऱ्यात साठतो, महिन्या-दोन महिन्यांनी टेम्पो येतो आणि कसेबसे बिल होते. पुढे नोटीस आली की बहुतेक वेळा ती याच कोपऱ्यातून येते. कारण सोपे आहे. वेस्टचा आकडा तुमच्या उत्पादनाचा आकडा उघडा करतो, आणि अधिकाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

मी एक्साइजच्या काळात वेस्टच्या नोंदी लिहिल्या आणि आता जीएसटीत लिहितो. कायदा बदलला, पण कामाचा गाभा तोच राहिला: वेस्ट निघाला त्याच दिवशी त्याचे वजन करा, त्याला बरोबर नाव द्या आणि वहीत चढवा. एवढे झाले की पुढच्या पायऱ्या जड जात नाहीत.

१. आधी एक्साइज आणि जीएसटी यांतला फरक समजून घ्या

केंद्रीय उत्पादन शुल्क, म्हणजे आपण ज्याला एक्साइज म्हणायचो ते, १९४४ च्या कायद्याने लागायचे आणि ते लागायचे उत्पादनावर. त्यामुळे वेस्टच्या बाबतीत वाद एकच असायचा: वेस्ट 'बनवला' की तो आपोआप 'निघाला'? कारखानदार म्हणायचा, मी सूत बनवायला बसलो होतो, वेस्ट बनवायला नाही. एक्साइज खाते म्हणायचे, दरपत्रकात ५२०२ क्रमांकाला कॉटन वेस्ट लिहिलेला आहे आणि तुम्हाला त्याचे पैसे मिळतात, तेव्हा शुल्क भरा. २००८ च्या वित्त कायद्याने तर 'विकता येण्याजोगी वस्तू म्हणजे माल' असा खुलासाच कायद्यात घातला. तरीही २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उसाच्या बगॅसबाबत (रस काढून उरलेला चोथा) डीएससीएल शुगरच्या प्रकरणात सांगितले की उत्पादनच झाले नसेल, तर विकता येते एवढ्यावरून शुल्क लागत नाही.

१ जुलै २०१७ पासून कापड उद्योगावरची एक्साइज संपली आणि हा वादही मागे पडला. जीएसटी पुरवठ्यावर लागतो. वेस्ट विकला, बदल्यात दिला किंवा मजुरीत वळता केला, तर तो पुरवठाच झाला. तो बनवला की निघाला, हे आता कुणी विचारत नाही. अजूनही काही जुनी मंडळी 'वेस्टवर कर नसतो' असे ठामपणे सांगतात. त्यांच्या मनात एक्साइजमधली सूट असते. ९ जुलै २००४ च्या ३०/२००४ या अधिसूचनेने, सेनव्हॅट क्रेडिट (कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काची वजावट) न घेणाऱ्यांना बऱ्याच कापड मालावर सूट होती. ती सूट एक्साइजबरोबरच गेली.

२. वेस्टचे ढीग वेगळे करा

'वेस्ट' या एका शब्दाखाली डझनभर वस्तू येतात. त्यांचे भाव, ग्राहक आणि कधीकधी कराचे दरही वेगळे असतात.

सूतगिरणीत ब्लो-रूम आणि लिकर-इनचे ड्रॉपिंग, कार्डिंगचे फ्लॅट स्ट्रिप, कोंबर नॉइल (विंचरून वेगळे झालेले आखूड तंतू), न्युमाफिल, रोव्हिंग वेस्ट, सुताचा हार्ड वेस्ट (पिळलेल्या सुताचे तुकडे) आणि झाडण एवढे प्रकार निघतात. यांत कोंबर नॉइलला सगळ्यात जास्त मान, कारण ओपन एंड पद्धतीने सूत कातणारे ते पुन्हा कातायला घेतात. कोंब्ड सुताच्या गिरणीत कोंबरला दिलेल्या मालापैकी साधारण १२ ते २० टक्के नॉइल म्हणून बाहेर पडते, म्हणजे ही रक्कम किरकोळ नाही. मागावर बीमची उरलेली टोके, बॉबिनवरचे सूत, रॅपियर मागावर कापला जाणारा खोटा काठ, फेंट आणि चिंधी निघते. गारमेंटमध्ये कटिंगची चिंधी.

शिवाय एक ढीग असा असतो जो कापडाचा नसतोच: कागदी कोन, प्लास्टिक, बारदान, कापसाच्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या, मागाचे जुने सुटे भाग. हा ढीग पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. लोखंडाच्या भंगारावर १८ टक्के जीएसटी आहे. '१ लॉट मिक्स वेस्ट' असे बिल करून सगळे एकाच दराने घालवण्याची सवय फार ठिकाणी आहे. असे बिल तपासणीत टिकत नाही.

३. प्रत्येक ढिगाला एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक) आणि दर लावा

- ५२०२ : कॉटन वेस्ट, सुताच्या वेस्टसह. ५ टक्के.
- ५५०५ : पॉलिस्टर, व्हिस्कोस अशा मानवनिर्मित तंतूंचा वेस्ट. पूर्वी १८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के.
- ५००३ : रेशमाचा वेस्ट. करमुक्त.
- ५१०३ : लोकरीचा वेस्ट. करमुक्त.
- ६३१० : चिंध्या, नव्या असोत वा वापरलेल्या, आणि दोरखंडाचे तुकडे. ५ टक्के.

५५०५ ची तारीख पाठ ठेवा. त्या दिवसाआधी विकलेल्या पॉलिस्टर वेस्टच्या बिलावर १८ टक्केच हवेत. जुन्या वर्षांची छाननी सुरू झाली की हाच फरक सापडतो, कारण बरेच जण 'वेस्ट म्हणजे ५' असे धरून पॉलिस्टरलाही कॉटनचा दर लावत होते. पॉलिस्टर-कॉटन मिश्र सुताचा वेस्ट असेल तर वजनाने ज्या तंतूचा वाटा जास्त, त्याचा क्रमांक लावायचा. सुताच्या खरेदी बिलावर मिश्रणाचे प्रमाण असते. त्या बिलाची प्रत वेस्टच्या फाइलला जोडून ठेवा.

इथे आणखी दोन सापळे आहेत. फेंट म्हणजे कापडाचा छोटा, पण वापरण्याजोगा तुकडा. तो चिंधी होत नाही, त्याचा क्रमांक कापडाचाच. तसेच गारमेंटमधला रिजेक्ट शर्ट अंगात घालता येत असेल तर तो कपडाच आहे. नगावर विकायचा माल किलोवर टाकून ६३१० लिहिला की वर्गीकरणाचा वाद तुम्ही स्वतःच ओढवून घेता. खरोखर चिंधी म्हणूनच विकायचा असेल तर आधी कापा आणि कापल्याची नोंद ठेवा.

दर पाहताना २०१७ चे तक्ते वापरू नका. १७ सप्टेंबर २०२५ च्या ९/२०२५ आणि १०/२०२५ या केंद्रीय कर (दर) अधिसूचनांनी जुन्या दर-अधिसूचनांची जागा घेतली आहे.

४. वजन आणि वही

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच होते.

जीएसटी नियम ५६(१२) प्रमाणे प्रत्येक उत्पादकाने दरमहा उत्पादन हिशेब ठेवायचा असतो: कच्चा माल किती वापरला, पक्का माल किती झाला, वेस्ट आणि उपउत्पादन किती निघाले. एक्साइजमध्ये आर.जी.-१ ही रोजच्या उत्पादन-साठ्याची वही होती आणि निरीक्षक ती उघडून बघायचा, म्हणून ती लिहिली जायची. आता रोज कुणी येत नाही, म्हणून लिहिणे सुटले. नियम मात्र सुटलेला नाही.

वही साधी ठेवा. तारीख, खाते किंवा मशीन, वेस्टचा प्रकार, वजन, गोदामात जमा, विक्री, शिल्लक आणि सही. प्रत्येक पाळीच्या शेवटी वजन करा. आठवड्याने केले तर कोणता वेस्ट कुठल्या खात्यातून आला हे कुणालाच सांगता येत नाही. आणि हे काम जॉबर (खात्यातला मुकादम) किंवा पाळीच्या सुपरवायझरकडे सोपवा. हिशेबनीस ऑफिसात बसून लिहितो तो आकडा अंदाजाचा असतो.

महिन्याच्या शेवटी ताळा घाला. कापूस किंवा सूत आत आले, त्यातून पक्का माल, दिसणारा वेस्ट आणि न दिसणारी घट वजा केली की शिल्लक जुळली पाहिजे. न दिसणारी घट म्हणजे उडालेली धूळ आणि उतरलेला ओलावा. कापसाचा प्रमाणित ओलावा ८.५ टक्के धरतात, पण पावसाळ्यात तोच माल जड भरतो आणि उन्हाळ्यात हलका. म्हणून जूनमध्ये गोदामात ठेवलेला वेस्ट आणि एप्रिलमध्ये विकलेला वेस्ट किलोला किलो जुळणार नाही. हा फरक वहीत त्याच वेळी 'ओलाव्याची घट' म्हणून लिहा. तीन वर्षांनी नोटिशीच्या उत्तरात लिहिलेली तीच गोष्ट पटवून देणे फार कठीण जाते.

सायझिंग आणि मागवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ताण्यावर खळ चढते, त्यामुळे कापडाचे वजन आलेल्या सुतापेक्षाही जास्त दिसू शकते. मग कागदावर वेस्ट उणे निघतो आणि तपासणाऱ्याला वाटते, सूत बिनबिलाचे आणले. खळीचे प्रमाण सायझिंगच्या चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ताळ्यात तो रकाना ठेवा.

या सगळ्या वह्या आणि बिले त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची आहेत.

५. जॉबचे काम असेल तर वेस्ट कुणाचा?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथे मोठा भाग मजुरीवर विणणाऱ्यांचा आहे. इचलकरंजीत ज्यांना खर्चीवाले म्हणतात ते. सूत व्यापाऱ्याचे, माग तुमचे. मग बीमची टोके आणि हार्ड वेस्ट कुणाचा?

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३(५) चे उत्तर सरळ आहे. जॉब करणारा नोंदणीकृत असेल तर तो आपल्या जागेवरून कर भरून वेस्ट विकू शकतो. तो नोंदणीकृत नसेल तर ती विक्री मूळ मालकाने, म्हणजे व्यापाऱ्याने, दाखवायची. नोंदणी नसलेल्या मागवाल्याने परस्पर भंगारवाल्याला दिले आणि व्यापाऱ्याने कुठेच दाखवले नाही, तर अडचण व्यापाऱ्याची होते. मग तो मजुरी अडवतो आणि शेवटी त्रास मागवाल्यालाच होतो.

'वेस्ट तुझा, मजुरी त्या हिशेबाने' असा तोंडी व्यवहार फार जुना आहे. त्यात गैर काही नाही, पण तो कागदावर आणा. समजा १००० किलो सूत आले, २२ किलो हार्ड वेस्ट तुमच्याकडे राहिला आणि त्याचा भाव किलोला ४० रुपये आहे. हे ८८० रुपये तुम्हाला मजुरीचाच भाग म्हणून मिळाले, त्यामुळे मजुरीच्या बिलात ते मूल्य धरले पाहिजे. पुढे तुम्ही तो वेस्ट विकला की ती तुमची स्वतःची मालविक्री झाली. करार एका पानाचा पुरतो: वेस्ट कुणाचा, घटीची मर्यादा किती, वेस्ट परत द्यायचा असेल तर किती दिवसांत.

नोंदणीची मर्यादा इथेच घात करते. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे. मजुरीचे विणकाम ही सेवा, आणि तिला २० लाखांची. वर्षाची मजुरी १८ लाख आणि स्वतःच्या वेस्टची विक्री ३ लाख झाली तर एकूण उलाढाल २१ लाख होते, म्हणजे नोंदणी घ्यावी लागते. फक्त मजुरी मोजून निवांत राहू नका.

व्यापाऱ्याने जॉबला पाठवलेल्या मालाचा आयटीसी-०४ हा फॉर्म भरायचा असतो: उलाढाल ५ कोटींपेक्षा जास्त असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. त्यात घट आणि वेस्टचा रकाना आहे. तो शून्य ठेवू नका. सुतापासून कापड शून्य वेस्टमध्ये होत नाही, हे समोरच्या अधिकाऱ्यालाही कळते.

६. बिल, चलन, ई-वे बिल

बिलावर वेस्टचा नेमका प्रकार, एचएसएन, वजन, भाव आणि कर लिहा. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर चार अंकी एचएसएन, त्यापुढे सहा अंकी. ५ कोटींपुढे नोंदणीकृत खरेदीदाराला ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) लागते. खरेदीदार नोंदणीकृत नसेल आणि बिल ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर त्याचे नाव-पत्ता बिलावर हवाच. 'कॅश' एवढेच लिहून चालत नाही. करमुक्त रेशीम किंवा लोकर वेस्टला कर-बिलाऐवजी बिल ऑफ सप्लाय.

वेस्टचे बरेच गठ्ठे पानिपतला जातात. माल राज्याबाहेर जाणार असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी). खरेदीदाराचा दलाल तुमच्याच गावात बसलेला असला आणि पैसे त्याने दिले, तरी माल कुठे थांबतो ते बघायचे.

ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद) मर्यादा राज्याबाहेर ५० हजार, महाराष्ट्राच्या आत १ लाख. जॉबसाठी जाणारे लड, सूत, कापड आणि कपडे यांना राज्यात ५० किलोमीटरपर्यंत ई-वे बिलातून सूट आहे. ही सूट वेस्टला लावू नका, कारण त्या यादीत वेस्टचे नाव नाही. रस्त्यात गाडी अडली की दंड तुमच्या एका ट्रिपच्या नफ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

गाडी बाहेर पडताना काटा पावती, गेटपास आणि बिल या तिन्हींवर वजन एकच असावे. खरेदीदाराच्या काट्यावर कमी भरले तर जुने बिल फाडू नका, क्रेडिट नोट करा.

७. इनपुट क्रेडिटची काळजी

विणताना-कातताना निघालेल्या नेहमीच्या वेस्टसाठी किंवा घटीसाठी सुतावरचे क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) उलटवावे लागत नाही. ते सूत उत्पादनातच वापरले गेले. पण माल जळाला, चोरीला गेला, फुकट वाटला किंवा हिशेबातून काढून टाकला, तर कलम १७(५)(एच) लागते आणि क्रेडिट परत द्यावे लागते. वेस्टच्या गोदामाला आग लागणे आपल्या धंद्यात नवीन नाही. आग लागली तर पंचनामा, अग्निशमन दलाचा दाखला आणि त्या दिवसाची वही लगेच सुरक्षित ठेवा. विम्यालाही तेच लागतात.

रेशीम आणि लोकरवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहायची. त्यांचा वेस्ट करमुक्त, म्हणून त्याची विक्री 'सूट पुरवठ्यात' जाते आणि नियम ४२ प्रमाणे सामायिक क्रेडिटचा तेवढा भाग उलटवावा लागतो. रक्कम लहान असते, पण वर्षानुवर्षे न उलटवता राहिली की व्याजासकट मोठी होते.

८. टीसीएस आणि रोख

हा जीएसटीचा विषय नाही, प्राप्तिकराचा आहे, पण बिल करताना सोबतच येतो. कारखान्यातल्या स्क्रॅपच्या विक्रीवर विक्रेत्याने खरेदीदाराकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घ्यायचा प्राप्तिकर) गोळा करायचा असतो. कंपनी आणि भागीदारी संस्थांना तो लागतोच. एकट्याच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या धंद्याला आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीपुढे असेल तर लागतो. खरेदीदार तो माल स्वतःच्या उत्पादनात वापरणार असेल आणि तसे घोषणापत्र देत असेल, तर गोळा करावा लागत नाही. घोषणापत्र बिल करण्याआधी हातात घ्या. चालू वर्षाचा दर सीएकडून दरवर्षी एप्रिलमध्ये लिहून घ्या.

रोखीत एका दिवशी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका. बिले तोडून तीन केली तरी एकाच व्यवहाराची रक्कम एकत्रच धरतात.

आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या धातूच्या भंगारावर आलेला रिव्हर्स चार्ज (कर खरेदीदाराने भरण्याची पद्धत) फक्त धातूपुरता आहे. कापडी वेस्टला तो लागू नाही. 'कर आता खरेदीदार भरणार' असे सांगून बिनकराचे बिल मागणारे भेटतात. देऊ नका.

९. नोटीस आली तर

पहिली नोटीस बहुधा एएसएमटी-१० असते: विवरणपत्रात विसंगती दिसते, खुलासा करा. ३० दिवसांच्या आत एएसएमटी-११ मध्ये उत्तर द्या. ही संधी फार मोलाची आहे. इथे नीट उत्तर गेले तर पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात. गप्प बसलात तर पुढे डीआरसी-०१ ही मागणीची नोटीस येते, आणि त्यात कराबरोबर व्याज आणि दंडही मागितलेला असतो.

उत्तरासोबत लावायची कागदपत्रे:

- दरमहा उत्पादन हिशेब आणि वेस्ट वही
- सूत-कापूस खरेदीची बिले, मिश्रणाच्या उल्लेखासह
- काटा पावत्या, गेटपास, ई-वे बिले
- जॉबचा करार, चलने, आयटीसी-०४
- वेस्ट विक्रीची बिले आणि बँकेत आलेल्या पैशांचा उतारा
- वीजबिले, आणि माग किंवा चाते (स्पिंडल) किती पाळ्या चालले त्याची नोंद

वीजबिल आवर्जून लावा. विजेच्या युनिटवरून उत्पादन काढून 'तुम्ही माल लपवला' म्हणण्याची पद्धत एक्साइजच्या काळापासून आहे. माग बंद होते, सुताचा काउंट (बारीक-जाडपणा) बदलला, ह्युमिडिफिकेशन (हवा दमट ठेवणारी यंत्रणा) जास्त चालले, असे खरे कारण तुमच्याच नोंदींतून दिसले पाहिजे.

१०. जुनी एक्साइजची फाइल निघाली तर

वडिलांचा किंवा जुन्या भागीदाराचा कारखाना हातात घेतलेल्यांना ही वेळ येते. कपाटात एखादे जुने प्रकरण सापडते: वेस्टवर शुल्क का भरले नाही, किंवा सूट असलेल्या वेस्टसाठी सेनव्हॅट नियम ६ प्रमाणे रक्कम का दिली नाही.

घाबरून लगेच भरायला जाऊ नका. एक्साइजमध्ये मागे जाण्याची सगळ्यात लांब मुदत ५ वर्षांची होती, म्हणून २०१७ पर्यंतच्या काळासाठी आज नवी नोटीस येण्यासारखी नाही. जुनी, वेळेत दिलेली नोटीस मात्र केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७४ मुळे जिवंत राहते. म्हणून आधी तीन गोष्टी शोधा: नोटिशीची तारीख, शेवटचा आदेश कोणता, आणि अपील कुठे थांबले आहे. मग तो वेस्ट ३०/२००४ च्या सुटीत होता का आणि त्या काळात क्रेडिट घेतले होते का, हे जुन्या ईआर-१ विवरणपत्रांवरून पाहा. १ मार्च २०१५ च्या आधीचा आणि नंतरचा काळ वेगळा करा, कारण नियम ६ मध्ये शुल्क न लागणारा मालही धरण्याचा खुलासा त्या दिवसापासून आला. 'उत्पादन झाले की नाही' हा मुद्दा तुमच्या बाजूचा असेल तर तो सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने ड्रॉसबाबत (धातू वितळवताना वर येणारा मळ) १९९५ मध्ये आणि बगॅसबाबत २०१५ मध्ये तो मान्य केला आहे.

ऑगस्ट २०१४ नंतरच्या अपिलासाठी ७.५ टक्के रक्कम आधी भरावी लागायची, दुसऱ्या अपिलाला एकूण १० टक्के. त्या भरण्याचे चलन शोधून ठेवा. प्रकरण जिंकलात तर ती रक्कम व्याजासह परत मागता येते. त्या काळचे सेनव्हॅट क्रेडिट मंजूर झाले, तर तेही जीएसटी कायद्याच्या कलम १४२ प्रमाणे रोखीने परत मिळते, जीएसटीच्या खात्यात जमा होत नाही. मूळ चलन सापडले नाही तर बँकेचा त्या तारखेचा उतारा आणि विवरणपत्रातली नोंद मिळवून अर्जाला जोडा.